ज्यात कोणी गातच नाही अशा रेकॉर्डी

घरी येणारा प्रत्येक जण आधी वरच्या फळीपाशी थांबतो. तिथं रफी, लता, भावगीतं, दोन-चार कव्वाल्या असा ओळखीचा माल आहे. खालच्या फळीवर मात्र बहुतेक कव्हरं एकाच हिरव्या रंगाची, एकाच छापाची. ना हिरोचा फोटो, ना गायकाचं नाव. परवा एक पाहुणे म्हणाले, "हे काय, जिल्हा परिषदेचे अहवाल लावून ठेवलेत का?"

पाहुण्यांचा अंदाज फार काही चुकला नव्हता. या रेकॉर्डी कामासाठीच निघाल्या होत्या, ऐकून खूश होण्यासाठी नाही. लंडनच्या केपीएम कंपनीनं १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही हिरवी मालिका सुरू केली. दुकानात ती विकायला नसायचीच. सिनेमावाले, टीव्हीवाले, रेडिओवाले, जाहिराती करणारे यांच्याकडे थेट जायची. कुणाला कारखान्याच्या माहितीपटाला संगीत पाहिजे, पण संगीतकार नेमायला पैसे नाहीत, वेळ नाही. त्यानं रेकॉर्ड काढायची, कव्हरच्या मागची यादी वाचायची. प्रत्येक तुकड्यापुढं त्याची लांबी आणि स्वभाव लिहिलेला: वेगवान, उद्योगधंद्याला चालेल, संथ, रात्रीचं शहर, पाठलाग, पुढं ताण वाढतो. पसंत पडला तो तुकडा फिल्मवर चढवायचा आणि जेवढा वापरला तेवढ्याचे पैसे भरायचे. यालाच लायब्ररी म्युझिक म्हणतात. धंदा जुना आहे. डी वुल्फ ही कंपनी १९०९ पासूनची, मूकपटांच्या काळात ती वादकांना छापील नोटेशन पुरवायची.

आता जालन्यातल्या माणसाला हा नाद कसा लागला? तर अण्णांमुळं. आमच्या अण्णांची साऊंड सर्व्हिस होती. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. प्रत्येक लेबलवर लाल ऑइलपेंटनं आमचं आडनाव, कारण लग्नाच्या गडबडीत रेकॉर्डींची अदलाबदल व्हायची. जेवणाच्या पंगतीला गाणी लागायची. पण आहेर पुकारायची वेळ आली की अण्णा गाणं काढून घ्यायचे आणि एखाद्या सिनेमाचं टायटल म्युझिक लावायचे, नुसतं वाजवणं, गाणारं कोणी नाही. मग माइकवरून सुरू: "अंबडच्या मामांकडून एकावन्न रुपये आणि पातळ..." मी एकदा विचारलं, गाणंच राहू द्यावं की. अण्णा म्हणले, "गाण्यावर नावं पुकारली की गाणंबी मरतं अन् नावंबी."

हिरवी रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हेच वाक्य आठवलं. या लोकांनी अण्णांचं तत्त्व धरून अख्खं संगीत रचलंय. निवेदकाचा आवाज जिथं बसणार, ती मधली जागा मोकळी. खाली बास गिटार, तिच्याशी जखडलेला ड्रम, वर मधूनच बासरी नाही तर ऑर्गनचे दोन फटकारे आणि लगेच बाजूला. लक्ष ओढून घेईल अशी लांब चाल नाही. पण फिल्म पुढं सरकत राहिली पाहिजे, म्हणून ताल मात्र जबरदस्त. आता चाल काढून घ्या आणि ताल पुढं आणा, काय उरतं? फंक, म्हणजे चालीपेक्षा तालावर चालणारं अमेरिकी नाचाचं संगीत! यातले बरेच संगीतकार फंक करायला बसलेच नव्हते, गरजेपोटी तिथं पोचले असं माझं मत आहे. पुढं हिप-हॉपवाल्यांनी हेच तुकडे उचलले त्याचंही कारण तेच. निवेदकासाठी सोडलेल्या जागेत रॅप करणारा बरोबर मावतो.

आणि वाजवणारे लेचेपेचे नव्हते. अ‍ॅलन हॉकशॉ हॅमंड ऑर्गनवर, अ‍ॅलन पार्कर गिटारवर, ब्रायन बेनेट तर 'शॅडोज' या गाजलेल्या इंग्लिश बँडचा ड्रमर. ही माणसं दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करायची आणि लायब्ररीसाठी वेगळं वाजवायची. इंग्लंडच्या वादक संघटनेचा अशा रेकॉर्डिंगला विरोध होता, म्हणून त्या काळात कितीतरी सेशन जर्मनीला जाऊन केली. हॉकशॉ २०२१ साली गेला. त्यानं 'मोहॉक्स' या नावाखाली १९६८ साली काढलेली 'द चॅम्प' ही रेकॉर्ड, तुकडे कापून दुसऱ्यांनी आपल्या गाण्यांत सर्वांत जास्त वापरलेल्या रेकॉर्डींपैकी एक. तिकडच्या 'काउंटडाउन' या टीव्हीवरच्या कार्यक्रमातलं तीस सेकंदांच्या घड्याळाचं संगीतही त्याचंच. कीथ मॅन्सफिल्डचं 'फंकी फॅनफेअर' अमेरिकेतल्या थिएटरांत मुख्य सिनेमा सुरू होण्याआधी वाजायचं. लाखो लोकांनी ते ऐकलं, नाव किती जणांना माहीत असेल?

आपल्याकडं वेगळं काय होतं? मुंबईत रेकॉर्डिंगला बसणारे गोव्याचे, पारशी, बंगाली वादक, त्यांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर क्वचितच. कल्याणजी-आनंदजींच्या 'अपराध' (१९७२) आणि 'डॉन' (१९७८) यांतल्या गाण्यांचे तुकडे ब्लॅक आइड पीज या अमेरिकी ग्रुपनं २००५ साली वापरले, त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. अण्णांच्या पेटीत 'डॉन' होती. ऑइलपेंटसकट. आडनाव रंगवलेली असल्यानं बाजारात तिला भाव नाही, आणि ती मला विकायचीही नाही.

हिरव्या रेकॉर्डी इकडं मिळतात कुठं, असं विचारणारे असतात. मराठवाड्यात जवळपास नाहीच. माझ्या बहुतेक मुंबईच्या चोर बाजारातून, मटण स्ट्रीटवरून आल्या. तिथं जाहिरातपट करणाऱ्या बंद पडलेल्या स्टुडिओंचा माल कधीकधी येतो. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर पेन्सिलीच्या खुणा. यादीतल्या एका तुकड्यापुढं बरोबरची खूण आणि बाजूला 'ट्रॅक्टर'. दुसऱ्यापुढं 'साबण, नको'. एका कव्हरवर 'बियाणे, ३० से.' असं लिहिलंय. जालना हे बियाण्यांचं गाव. ती जाहिरात आमच्याच कुठल्या कंपनीची असेल का, या विचारानं मी ती रेकॉर्ड घासाघीस न करता घेतली. जाणकार अशा लिहिलेल्या कव्हराचे पैसे कमी करतात. माझ्या लेखी उलट आहे. 'ट्रॅक्टर' लिहिणाऱ्या माणसानं तो तुकडा ऐकून शेतात काय पाहिलं असेल, हे कोऱ्या कव्हरात कुठून कळणार?

संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मात्र एकदा नशीब फळफळलं. पंख्यांच्या पात्यांखाली एक नारिंगी कव्हर दिसलं, ब्रूटन कंपनीचं. ही कंपनी १९७७ची, प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग द्यायची. चाचांना भाव विचारला तर ते माझ्याकडंच बघत राहिले. "बावा, इसमें कोई गाताच नहीं. तुमकू काइकू होना?" मी म्हणलं, चाचा, म्हणूनच पाहिजे. त्यांनी सोबत एक पंख्याचा रेग्युलेटर फुकट दिला, बहुतेक कीव येऊन.

सगळंच सोनं असतं असं मात्र नाही. एका रेकॉर्डवर दोन तुकडे झकास, बाकी सगळे गुळगुळीत व्हायोलिन, विमानतळावर बसल्यासारखं. १९८०च्या पुढं सिंथेसायझर आला आणि पुष्कळ कंपन्यांनी ड्रमरला घरी पाठवलं, तिथून माझा रस संपतो. माझ्या मुलाला नेमकं तेच आवडतं. जुन्याबद्दल त्याचं मत एका वाक्यात: "पप्पा, हे सगळं बातम्या लागणारेत असं वाजतंय." मूळ प्रतींचे परदेशातले भाव खिशाला झेपत नाहीत, वर कस्टम. म्हणून आता 'बी विथ रेकॉर्ड्स'सारख्या कंपन्या पुन्हा छापतात त्या प्रती घेतो आणि त्याची लाज वाटत नाही.

आमच्या भागात रेकॉर्ड सांभाळणं हे वेगळंच काम आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली की गेलीच. आडवी थप्पी लावायची नाही, उभी ठेवायची. कूलरच्या झोतात ठेवली तर कव्हरला बुरशी. आणि धुवायला बोअरचं पाणी अजिबात नको. आपलं पाणी इतकं जड की वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि आयुष्यभर चरचर. इन्व्हर्टरच्या दुकानात बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी मिळतं, ते वापरा, पण सीलबंद बाटली बघून. काही जण त्यात अल्कोहोल मिसळतात. ते जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डला लावू नका, ती लाखेची असते, लाख विरघळते.

आता एक काम तुमच्याकडं. परभणी, नांदेड, लातूर, बीड, कुठंही जुना फोटो स्टुडिओ, स्लाइड बनवणारा, प्रचाराच्या गाड्यांना टेप भरून देणारा असा कोणी दुकान आवरत असेल, तर त्याच्या माळ्यावर नजर टाका. कव्हरच्या मागं गाण्यांऐवजी स्वभाव आणि सेकंद लिहिलेले दिसले, तर भंगारवाल्याच्या आधी मला कळवा. प्रवासखर्च माझा, आणि रेकॉर्ड तुम्हालाच ठेवायची असेल तर निदान पेन्सिलीनं काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.