तुम्ही विचारलंत म्हणून: मग ती बस फ्रेंच कशी?

फ्रान्समधल्या जुन्या, खेडोपाडी धावणाऱ्या बसगाड्यांचा मला नाद आहे. मी फोटो दाखवायला घेतले की समोरचा दोन-चार फोटो सोसतो आणि मग ठरलेला प्रश्न टाकतो: "पुढे तर फोर्ड लिहिलंय. मग ही फ्रेंच बस कशी?" फोर्डच्या जागी कधी साउरर असतं, कधी मर्सिडीज. प्रश्न तोच.

खरं तर आपल्याला हे कोडं पडायचं कारण नाही. चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट गाडीचा खालचा सांगाडा, एका कारखान्याची आणि बॉडी दुसऱ्याची, हा प्रकार आपण रस्त्यावर रोज बघतो. महामार्गावर नुसती चासी पळवत नेणारा, कानाला मफलर गुंडाळलेला ड्रायव्हर कुणी पाहिला नाही? 1948 साली एसटी सुरू झाली तेव्हा ताफ्यात शेवरलेट, बेडफर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, फियाट अशी सगळी परदेशी वरात होती. म्हणून एसटी परदेशी आहे असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

फ्रान्समध्ये परदेशी चासी आल्या त्या मुख्यतः युद्धाच्या वाटेने. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्याचे हजारो ट्रक तिथेच पडून होते. ते परत न्यायचे तर जहाजाचं भाडंच अंगावर आलं असतं. शेवटी 1919 मध्ये अमेरिकेने फ्रान्समधला आपला सगळा शिल्लक माल 40 कोटी डॉलरला फ्रेंच सरकारला विकून टाकला. त्यात लिबर्टी ट्रक होते. भरीव रबराची चाकं, ताशी जेमतेम 24 किलोमीटर वेग, पण सांगाडा हत्तीसारखा. नांतेरच्या विलेम कंपनीने आपला धंदाच मुळी हे लिबर्टी दुरुस्त करून विकण्यावर उभा केला. अशा लष्करी चासींवर कुणी माल लादला, कुणी बाकडी ठोकून माणसं बसवली. नव्या गाडीसाठी पैसा नव्हता आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणारी माणसं तर वाट पाहत उभी होती.

डोंगराळ भागातली गोष्ट वेगळी. तिथे साउरर हे स्विस नाव चालायचं, कारण घाटाच्या उतारावर गाडी इंजिनाच्याच जोरावर रोखून धरायची युक्ती त्यांनी फार लवकर साधली होती. उतारावर ब्रेक तापून लागेनासे झाले तर काय होतं, हे आपल्या घाटात गाडी चालवलेल्याला सांगायला नको. पण या साउररचाही एक कारखाना 1910 पासून पॅरिसला खेटून, सुरेनमध्ये होता. फोर्ड तर आधी आनिएरमध्ये आणि पुढे पुआसीमध्ये, म्हणजे पॅरिसच्या आसपासच बनत होती. तेव्हा 'परदेशी' हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो. कारखान्यातला कामगार तिथलाच असायचा.

आणि बॉडी? ती तर पक्की गावची. अशी एखादी गाडी जवळून बघितली की दोन पाट्या सापडतात. एक इंजिनाजवळ, चासीच्या नंबराची. दुसरी दाराच्या आसपास, बॉडी बांधणाऱ्याच्या नावाची, आणि तिच्यावर त्याचं गाव असतं. आतला सांगाडा अ‍ॅश लाकडाचा, त्यावर पत्रा खिळ्यांनी मारलेला आणि पत्र्याचे सांधे झाकायला वरून पट्ट्या. हात फिरवला की पट्टीखालचे खिळे बोटांना लागतात. मागे शिडी, टपावर सामानाचा कठडा. हे बांधणारे बहुतेक मूळचे गाडे आणि चाकं बनवणारे सुतार-लोहार. दसेव्र जिल्ह्यातल्या सेरिझे गावातले हुलिए तसेच. घराणं घोडागाड्यांचं आणि 1920च्या दशकात मोटारींच्या बॉड्यांकडे वळलेलं. या मंडळींना चासी कुठल्या देशाची याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ती आली, मापं घेतली, काम सुरू.

म्हणूनच मला 'परदेशी चासीने फ्रेंच धंदा बुडवला' हे रडगाणं पटत नाही. उलट चासी वेगळी विकली जात होती तोवर गावच्या कारागिराच्या हाताला काम होतं. त्याच्या पोटावर पाय आला तो चासीच नाहीशी झाली तेव्हा, आणि ती नाहीशी करणाऱ्यांत फ्रेंचच पुढे होते. आर्देश जिल्ह्यातल्या आनोनेमध्ये जोसेफ बेसे नावाच्या माणसाने 1938च्या सुमारास इझोब्लॉक बस काढली. सांगाडा आणि बॉडी मिळून एकच पोलादी जाळी, इंजिन मागे. गंमत बघा, एवढ्या अस्सल फ्रेंच बसमागे इंजिन बसवलं ते फोर्डचं व्ही-आठ! दुसऱ्या महायुद्धानंतर शोसों कंपनीने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवली. पुढे काढलेल्या रेडिएटरमुळे लोक त्यांच्या गाडीला 'डुकराचं नाक' म्हणत. आता अशी गाडी कारखान्यातून पूर्ण होऊनच बाहेर पडते. गावच्या सुताराने करायचं काय?

नंतरची कहाणी शाळेच्या पोरांची. 1959 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं वय 16 केलं गेलं, खेड्यातल्या मुलांना दूरच्या शाळेत न्यायला गाड्या हव्या झाल्या, आणि रेनोच्या सावियेम कंपनीच्या एस 45, एस 53 या गाड्या गावोगाव दिसू लागल्या. बांधणी त्याच आनोनेमधली, पण 1967 मध्ये सावियेमने जर्मनीच्या मान (MAN) कंपनीशी हातमिळवणी केल्यावर इंजिनं तिच्या परवान्याची. एका अख्ख्या पिढीने आपल्या देशाची म्हणून जी बस मनात ठेवली आहे, तिचं काळीज जर्मन आहे. फ्रेंच माणसाला हे सांगून बघा, तो पटकन विषय बदलतो. 1990च्या दशकात रेनोने चेकोस्लोव्हाकियाच्या फाळणीनंतर कारोसा कंपनीत भाग घेतला, आणि रेक्रेओ नावाची शाळेची बस व्हिसोके मिटो या चेक गावातून यायला लागली. रेक्रेओ म्हणजे मधली सुट्टी. ही बस बांधलेली बाहेरची, पुढचा बिल्ला मात्र रेनोचा. म्हणजे तुमचा प्रश्न आता उलटा करून विचारायला हवा.

या गाड्या प्रत्यक्ष बघायच्या असतील तर पॅरिसच्या पूर्वेला शेल गावात आम्त्युइर नावाचं संग्रहालय आहे. शहरी, आंतरशहरी आणि ग्रामीण वाहतूक, तिन्ही तिथे आहेत. ते रोज उघडं नसतं, तेव्हा आधी विचारून जा.