अवलिया

मामाच्या विहिरीवरची मोटर बिघडली ती ऐन मे महिन्यात. नुकतीच लावलेली अद्रक, वरून आग ओकणारं ऊन, आणि लाइट रात्रीची. स्टार्टर दाबला की मोटर गुरगुरायची आणि ट्रिप व्हायची. टेम्पोत घालून कन्नडला नेली. पहिल्या दुकानात बघताबघता सांगितलं, वायंडिंग जळालं. मामाला पटेना. म्हणाला, ‘‘चल, चाचाकडं जाऊ. लई अवलिया माणूस हाय.’’

चाचांनी मोटर जमिनीवर ठेवली, वायरी बोर्डाला जोडल्या आणि लाकडी मुठीचा लांब पेचकस उचलला. टोक मोटरच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. भाकरी भाजली की नाही हे आजी जसं वासावरून ओळखायची, तसं काहीतरी चाललं होतं. ‘‘वायंडिंग को कुछ नई हुआ. पीछे का बेरिंग गया.’’ मग मूठ माझ्या कानाला लावली. मला नुसतं घूंऽऽ ऐकू आलं.

निदान अचूक निघालं. काम तासाभराचं. चाचा म्हणाले, ‘‘परसों आव.’’

परवा गेलो तर दुकानाला कुलूप. त्यानंतरच्या परवालाही. तिकडं अद्रकीनं मान टाकायला सुरुवात केलेली. परतताना मामा पुन्हा तेच म्हणाला, ‘‘काय अवलिया हाय!’’ शब्द तोच, पण या खेपेला दात आवळून.

हा शब्द मूळचा अरबी. ‘वली’ म्हणजे जवळचा, पाठीराखा. निकाहात मुलीच्या बाजूनं उभा राहणारा पालकही वलीच. देवाच्या जवळचा तो वली, म्हणजे संत. आणि असे अनेक असले की औलिया. म्हणजे आपण एका माणसाला अवलिया म्हणतो तेव्हा व्याकरणानं अख्खी दिंडीच त्याच्यात कोंबतो. हे एकट्या अवलियाचं नाही. ‘नवाब’ हे मुळात ‘नायब’चं अनेकवचन, ‘उमराव’ हे ‘अमीर’चं. बडी ‘असामी’ म्हणतो त्यातली असामीसुद्धा अरबीत ‘नावं’. आणि आपल्याला याचं नवल का वाटावं? एकटे गुरुजी आले तरी आपणही ‘आले’च म्हणतो. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया असेच, एकटे असून अनेक. त्यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनेत आले. 1337 साली वारले, ते खुलताबादला आहेत. कन्नडहून संभाजीनगरला जाताना वाटेवरच. सतराव्या शतकात औरंगाबादेत जन्मलेल्या एका शायरानं तर टोपणनावच ‘वली’ घेतलं आणि दख्खनी गझल दिल्लीकरांना ऐकवली. त्याला अवलिया म्हणा, मराठी अर्थानंही चालेल.

संताचा प्रतिभावंत झाला कसा, हे समजायला सोपं आहे. ज्याला आपल्याला न ऐकू येणारं ऐकू येतं, तो कुणाच्या तरी जवळचा असणारच. अरबांनी तर याहून पुढं जाऊन प्रतिभावंताला ‘अबकरी’ म्हटलं: अबकर नावाच्या, जिनांच्या जागेवरून आलेला. आपणही ‘झपाटून काम करतो’ म्हणतोच की, आणि झपाटतं कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी शंका वेगळीच आहे. आमच्या गावातला शिंपी एकदा नुसतं बघून माप सांगतो, आणि सांगितलेल्या दिवशी ब्लाउज देतो. त्याला कुणी अवलिया म्हणत नाही. ‘चांगला शिंपी’ म्हणतात, वर शिलाईत घासाघीस करतात. अवलिया व्हायला चार दिवस कुलूप लावावंच लागतं बहुतेक. एकदा का तो शब्द चिकटला की हिशेब विचारायची सोय राहत नाही, आणि त्याला वेळेवर पैसे द्यायची आठवणही आपल्याला राहत नाही.

पाचव्या दिवशी चाचा सापडले. मोटर होती तिथंच होती. मी लाडीगोडी लावत म्हणालो, ‘‘चाचा, मामा तुम्हाला अवलिया म्हणतात.’’

चाचांनी पेचकसानं खुलताबादची दिशा दाखवली. ‘‘औलिया तो उधर सोये हैं, बेटा. अपन रिवायंडिंगवाले.’’ मग मोटरकडं बघून थोडा विचार केला.

‘‘परसों आव.’’