मिनास मॉर्गुल अपडेट ४: आधी पांढरा केला, आता बाटवायचाय

तर मंडळी, टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला मिनास मॉर्गुल हा किल्ला फोममध्ये करतेय, त्याचा बुरूज उभा राहिला एकदाचा. पायापासून टोकापर्यंत ६२ सेंमी आणि सध्या पांढराशुभ्र. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर काकूंनी विचारलं देऊळ आहे का, म्हणजे बरोबर चाललंय.

मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलेलं की सरळ काळा बेसकोट मारून मोकळी का होत नाहीस. अहो पण हा किल्ला सौरॉनने, म्हणजे कथेतल्या मुख्य खलनायकाने, बांधलेलाच नाही ना! दुसऱ्या युगात ३३२० मध्ये गोंडोर हे माणसांचं राज्य स्थापन झालं तेव्हाचा हा तिथल्या इसिल्दुर राजाचा किल्ला, नाव मिनास इथिल, म्हणजे चंद्राचा बुरूज, थेट सौरॉनच्या मुलखाच्या, मॉर्डोरच्या उंबऱ्यावर. ३४२९ ला सौरॉनने तो घेतला, राजघराण्याची खूण असलेलं पांढरं झाड जाळलं, इसिल्दुर त्याच झाडाचं रोप घेऊन निसटला. पण ३४४१ ला सौरॉनच पडला आणि किल्ला परत मिळाला.

खरा घात तिसऱ्या युगातला, आणि मला तोच भाग जास्त आवडतो कारण त्यात लढाई कमी आणि ढिलाई जास्त आहे. १६३६ ला मोठी साथ आली, माणसंच उरली नाहीत, मॉर्डोरवर नजर ठेवणाऱ्या चौक्या ओस पडल्या आणि मग कोणी परत शिबंदी ठेवलीच नाही. २००० साली नाझगुल, म्हणजे सौरॉनचे नऊ प्रेतवत सेवक, बाहेर आले, दोन वर्षं वेढा, २००२ ला किल्ला पडला, आतला पालान्तीर, म्हणजे दूरचं दाखवणारा गोळा, तोही त्यांच्या हाती गेला. नाव झालं मिनास मॉर्गुल, म्हणजे काळ्या जादूचा बुरूज. किल्ला घेतला की नाव बदलतं हे आपल्याला काय नवीन नाही, पण इथे बदललेलं नाव ऐकूनच थंडी वाजते. २०५० ला तर गोंडोरचा राजा एआर्नुर नाझगुलांच्या म्होरक्याच्या, विच-किंगच्या आव्हानाला चिडून थोड्याशा स्वारांसह तिथे गेला तो परत आलाच नाही, राजवंशच संपला.

म्हणून माझं म्हणणं असं की याला काटेबिटे लावायचे नाहीत. दगडी काम नुमेनॉरी (गोंडोरच्या लोकांचं मूळ बेट नुमेनॉर) कारागिरांचं, सांधे सरळच हवेत, वाईटपणा वरून चढलेला दिसला पाहिजे. तसं आता पांढऱ्यावर पातळ राखाडी-हिरवट वॉशचे थर देतेय, तीन झाले. (पांढऱ्याच्याही आधी, फोम वाचावा म्हणून, फेविकॉल आणि काळ्या ॲक्रिलिकचा हात दिला होता. पहिल्या तुकड्यावर डायरेक्ट स्प्रे मारला तर माची विरघळली, हसू नका.)

मजा म्हणजे टोक. पुस्तकात बुरुजाचा सगळ्यात वरचा थर हळूहळू फिरतो, आधी एका बाजूला मग दुसऱ्या. यासाठी भंगारातल्या मायक्रोवेव्हची काच फिरवणारी मोटर लावली आणि लॉटरीच लागली, कारण ती सिंक्रोनस मोटर, चालू केल्यावर कुठल्या बाजूला फिरेल तिचं तिलाच माहीत नसतं! मिनिटाला पाच-सहा फेरे म्हणजे जरा घाईच होते, पण चालवून घेतेय. २३० व्होल्टवर आहे म्हणून खाली लाकडी पेटीत बंद केलीय, कोणी करणार असाल तर उघडी वायर ठेवू नका प्लीज.

लाईटचं अजून जमत नाहीये. सिनेमात हिरवा आहे पण मला मढ्यासारखा फिकट हवाय, असा की उजेड दिसतो पण आजूबाजूचं काहीच उजळत नाही. कूल व्हाईट एलईडीवर ट्रेसिंग पेपरचे दोन थर टाकून बघितले, अजून ट्यूबलाईट वाटतेय. तिसरा टाकून बघते.

दरीतल्या कुरणात फिकट पांढरी विषारी फुलं आहेत, लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरायचो त्याच हाताने आता ही पेरायची. पुलाच्या तोंडाशी माणूस आणि जनावर यांच्या आकारांची किळसवाणी शिल्पं हवीत, एम-सीलमध्ये पहिलं केलं तर ते चक्क आमच्या मांजरीसारखं झालं, तेही झोपलेल्या. मोडून परत करतेय.