टाच आधी की चवडा आधी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. पळणाऱ्यांना शिकवण्याचं काम करते म्हटल्यावर हा प्रश्न येतोच, आणि जवळजवळ नेहमी एकाच रूपात येतो. मित्राने मोबाईलवर काढलेला आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ, आणि खाली एक ओळ: "माझी टाच आधी टेकते, हे चुकीचं आहे ना? सुधारायचं कसं?"

मी उलट विचारते, "काही दुखतंय का? कुठे? आणि गेल्या दोन महिन्यांत पळणं किती वाढवलंत?" काहींना ही टाळाटाळ वाटते. पण अर्धं उत्तर इथेच असतं. काहीच दुखत नसेल आणि वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने पळणं चाललं असेल, तर टाच आधी टेकते एवढ्यावरून मी कुणालाच पळणं बदलायला सांगणार नाही.

टाचेची ही बदनामी तशी अलीकडची. २०१० साली हार्वर्डचे संशोधक डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला. अनवाणी पळायची सवय असलेले लोक बहुतेक वेळा चवड्यावर किंवा पावलाच्या मधल्या भागावर उतरतात, आणि तसं उतरल्यावर जमिनीचा तो पहिला झटका फारसा बसत नाही, असं त्यात दाखवलं होतं. निरीक्षण पक्कं होतं. लोकांनी मात्र त्यातून परस्पर ठरवून टाकलं, की टाच म्हणजे दुखापत आणि चवडा म्हणजे सुटका. कित्येकांनी एका आठवड्यात बूट काढले आणि पुढच्या महिन्यात पोटरी धरून बसले. भार काही नाहीसा होत नाही. चवड्यावर उतरलं की गुडघ्यावरचा ताण कमी होतो हे खरं, पण तो पोटरीवर, अकिलीस टेंडनवर (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या भागावर) आणि पावलातल्या लांब हाडांवर जातो. ज्याचा गुडघा कुरकुरतोय त्याला हा सौदा परवडेलही. सकाळी अंथरुणातून उठल्यावर ज्याचं अकिलीस आखडलेलं असतं, त्याला नाही परवडणार.

'वेगवान लोक टाचेवर उतरतच नाहीत' हेही मी नेहमी ऐकते. २००४ साली जपानमधल्या साप्पोरोच्या हाफ मॅरेथॉनमध्ये पंधराव्या किलोमीटरवर कॅमेरा लावून वरच्या दर्जाच्या धावपटूंची पावलं तपासली गेली. चारातले सुमारे तीन जण टाचेवर उतरत होते. चवड्यावर उतरणारे शंभरात एक-दोन. अगदी पुढच्या घोळक्यात पावलाच्या मधल्या भागावर उतरणारे थोडे जास्त होते, पण वेग वाढला की पाऊल तसंही पुढच्या भागाकडे सरकतं. त्यामुळे ते तसे उतरतात म्हणून वेगवान, की वेगवान म्हणून तसे उतरतात, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. अनवाणी पळण्याच्या बाजूने इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं नाव हमखास येतं. १९६० साली रोममध्ये तो ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, तेव्हा वेळ होती २ तास १२ मिनिटं ११ सेकंद, आणि पायात बूट होते. हे दुसरं वाक्य सांगायचं बहुतेक जण विसरतात.

मग व्हिडिओत मी बघते काय? पाऊल टेकतं त्या क्षणी व्हिडिओ थांबवते आणि पावलाकडे नाही, नडगीकडे बघते. टेकताना नडगी जवळपास उभी असेल, गुडघा किंचित वाकलेला असेल आणि घोटा साधारण गुडघ्याच्या खाली असेल, तर टाच आधी टेकली काय आणि चवडा आधी टेकला काय, मला फारशी काळजी वाटत नाही. पण घोटा गुडघ्याच्या बराच पुढे गेलाय, पाय जवळपास सरळ आहे आणि बुटाचा तळवा समोरून दिसतोय, तर प्रत्येक पावलागणिक थोडा ब्रेक लागतोय. पाऊल शरीराच्या फार पुढे टेकलं की जमीन तुम्हाला मागे ढकलते. गेलेला वेग मग पुन्हा कमवावा लागतो, आणि तो ब्रेक सोसायचं काम गुडघा आणि नडगी करतात. बहुतेकांच्या बाबतीत टाच आधी टेकणं हा या लांब टांगेचा परिणाम असतो. टांग तशीच लांब ठेवून नुसता चवडा खाली केला, तर ब्रेक तसाच राहतो, शिवाय पोटरीचे हाल. म्हणून 'चवड्यावर उतरा' हा सल्ला मी देत नाही.

लांब टांग आखडायची कशी? 'पाऊल जवळ टाका' असं सांगून फार कमी लोकांना जमतं, कारण पळताना स्वतःचं पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. त्यापेक्षा पावलांची गती वाढवा असं सांगितलेलं जमतं. आता इथे १८० हा आकडा आडवा येतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली. जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. तेव्हापासून हा आकडा सगळ्यांच्या घड्याळात जाऊन बसलाय. पण ते जगातले उत्तम धावपटू होते आणि शर्यतीत पळत होते. किलोमीटरला सात मिनिटं घेणाऱ्या उंच माणसाला सावकाश पळताना १८० गाठायला लावलं, तर तो जागच्या जागी पळल्यासारखा दिसतो.

उपयोगाचा आकडा दुसरा आहे. २०११ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हायडरशाइट आणि सहकाऱ्यांनी धावकांना त्यांच्या स्वतःच्या नेहमीच्या गतीपेक्षा ५ आणि १० टक्के जास्त पावलं टाकायला लावली, पळण्याचा वेग तोच ठेवून. पाऊल शरीराच्या जवळ पडायला लागलं, शरीराची वरखाली उसळी कमी झाली, गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार घटला. मला हा अभ्यास आवडतो तो यासाठी, की एकच गोष्ट बदलली आणि तीन-चार गोष्टी आपोआप जागेवर आल्या. तुमचा कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १६० असेल, तर १६८ करून बघा. मोबाईलवर मेट्रोनोम (ठराविक गतीने ठोके देणारं ॲप) लावा, एक मिनिट त्या ठोक्यावर, दोन मिनिटं नेहमीसारखं, असं एका पळण्यात पाच-सहा वेळा. मेख अशी, की ठोका वाढला की लोक नकळत वेगही वाढवतात. मग धाप लागते आणि 'हे मला झेपत नाही' म्हणून सोडून देतात. वेग धरून ठेवायचा, म्हणूनच सुरुवातीला हे ट्रेडमिलवर करणं सोपं.

वेग तोच ठेवला तरी पहिले काही आठवडे थोडं जड जातंच. आपण स्वतःहून जी टांग निवडतो, ती ऊर्जेच्या हिशोबात बहुधा आपल्यासाठी किफायतशीर टांगेच्या जवळपासच असते. १९८२ मध्ये कॅव्हानॉ आणि विल्यम्स यांनी हे दाखवलं होतं. तेव्हा 'टेक्निक सुधारलं की टायमिंग लगेच सुधारेल' या आशेने येणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते: दुखणं कमी करणं आणि वेळ कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि कधीकधी ती एकमेकांच्या आड येतात. नियमित पळणाऱ्याचा वेळ मुख्यतः सातत्याने, झोपेने आणि नीट आखलेल्या सरावाने कमी होतो. टेक्निकचा मोठा फायदा हा, की दुखापतीत सराव बुडत नाही.

बाजूने बघून झालं की मागून. एका पायावर असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते का, गुडघा आत वळतो का, पावलं एकाच रेषेवर किंवा एकमेकांना ओलांडून पडतात का. गुडघ्याच्या वाटीमागे किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणाऱ्यांमध्ये हे वारंवार दिसतं. पावलं एका रेषेवर पडत असतील, तर रस्त्यावरची पांढरी रेघ दोन पायांच्या मधे ठेवून पळा, एवढं सांगितलं तरी पुष्कळदा फरक पडतो. कंबर झुकणाऱ्यांना मात्र नुसत्या सूचनेने भागत नाही. त्यांना खुब्याच्या बाजूच्या स्नायूंची ताकद वाढवायला हवी, आणि ती वाढली तरी पळताना आपोआप वापरली जात नाही, म्हणून आरशासमोर ट्रेडमिलवर कंबर सपाट ठेवण्याचा सरावही लागतो. आणि हा व्हिडिओ पहिल्या किलोमीटरचा नको. ताज्या पायांवर सगळेच छान पळतात. थकल्यावर काय होतं ते बघायचं असतं.

व्हिडिओ काढायची रीतही सांगून ठेवते, कारण येणारे बरेचसे व्हिडिओ निरुपयोगी असतात. पाऊल जमिनीवर असतं ते जेमतेम पाव सेकंद. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे त्या पाव सेकंदाची सात-आठच चित्रं मिळतात आणि नेमका टेकण्याचा क्षण दोन चित्रांच्या मधे हरवतो. स्लो मोशनमध्ये २४० ठेवलीत, तर साठेक मिळतात. मोबाईल कंबरेच्या उंचीवर, स्थिर, पळण्याच्या दिशेशी काटकोनात. तिरका धरला तर पाय पुढे पडतोय की नाही तेच कळत नाही. सोबत कुणी पळत चित्रण करू नका.

पळणं सुंदर दिसतं का, याकडे मी जवळपास लक्षच देत नाही. एमिल झाटोपेक पळताना मान वाकडी करायचा आणि चेहरा असा करायचा, जणू कुणी छळ करतंय. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही जिंकल्या. पॉला रॅडक्लिफचं डोकं प्रत्येक पावलाला डुलायचं, आणि २००३ साली लंडनमध्ये तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा विश्वविक्रम केला. हातांच्या बाबतीत एवढंच, की ते हलू द्या. हात पाठीमागे बांधून पळायला लावलं तर ऊर्जा सुमारे ३ टक्के जास्त लागते, छातीवर घडी घातली तर ९, आणि डोक्यावर ठेवले तर १३, असं अरेलानो आणि क्रॅम यांनी २०१४ मध्ये मोजलंय. कोपराचा कोन नव्वद अंशांचा आहे की शंभराचा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पाऊल आत झुकतं, म्हणून खास बूट हवेत का, हाही एक ठरलेला प्रश्न. डेन्मार्कमध्ये नऊशेहून जास्त नवख्या धावकांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. आत झुकणाऱ्या पावलांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. बूट पायाला आरामदायी वाटतो ना? मग घ्या.

आता मी सुरुवातीला 'पळणं किती वाढवलंत' असं का विचारलं, ते. पळताना प्रत्येक पाऊल शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने जमिनीला भिडतं. मिनिटाला १६० पावलं धरली, तर तासाभरात ९,६०० होतात, म्हणजे प्रत्येक पायाला ४,८००. याच गुणाकारामुळे पद्धतीतला छोटा बदल मोठा ठरतो, आणि याच गुणाकारामुळे आठवड्याला अचानक वाढवलेले दहा-पंधरा किलोमीटर कुठल्याही पद्धतीला भारी पडतात. दम काही आठवड्यांत वाढतो. टेंडन आणि हाडं तेवढी बळकट व्हायला महिने लागतात. मधल्या काळात माणसाला वाटतं आपण तयार आहोत, आणि नडगी तयार नसते. गुडघा किंवा नडगी धरून येणाऱ्यांच्या नोंदवहीत मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा सापडते. अशा वेळी पद्धतीला हात लावण्याआधी किलोमीटर कमी करायचे.

नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर मला व्हिडिओ पाठवू नका. पळणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. ते हाडातली बारीक चीर असू शकते.

बाकीच्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कॅडन्स, कंबर, पावलांमधलं अंतर असं सगळं एकदम डोक्यात घेऊन पळणारा माणूस अवघडून पळतो, आणि नंतर फरक पडला तर कशाने पडला ते कळत नाही. पोटरीवर भार वाढवणारा कुठलाही बदल असेल, तर सोबत टाचा उचलण्याचा व्यायाम, एकेका पायावर, आठवड्यातून दोन-तीनदा. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच बुटात, त्याच वेगाने, त्याच टप्प्यावर पुन्हा व्हिडिओ काढा आणि दोन्ही शेजारी लावून बघा. पुष्कळदा दुखणं गेलेलं असतं आणि दोन व्हिडिओंमधला फरक मोजूनच शोधावा लागतो. टाच अजूनही आधी टेकत असेल, तर टेकू द्या.