एका फेरीचे १.८ सेकंद

सोमवार

जुन्या रेकॉर्डवरचा तुकडा उचलून (हेच सॅम्पल) त्यावर नवा ठेका, म्हणजे बीट, बांधायची आहे. आधी रेकॉर्ड धुवायची, मग बीट. डिस्टिल्ड पाण्याचे चार थेंब, मायक्रोफायबरचं फडकं, आणि पुसायचं ते खाचेच्या दिशेने, गोल. आडवं पुसलं की धूळ खाचेतच दाबली जाते. लेबल भिजू द्यायचं नाही. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या डबीच्या) कागदावर लिहिलेला असतो तेवढाच. हलकी सुई रेकॉर्ड वाचवते हा लाडका गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतीच सोलते.

सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा. तो थेट लाइन-इनमध्ये (साध्या ऑडिओ इनपुटमध्ये) घातला की आवाज बारीक, चिरका, खर्ज गायब. रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबून तार स्वर उचललेले असतात आणि फोनो प्रीअँप (रेकॉर्डच्या सिग्नलसाठीचा छोटा अँप्लिफायर) ते उलटं करून देतो. टर्नटेबलचा स्वतःचा प्रीअँप चालू ठेवून मिक्सरच्या फोनोत घातलं, तर हेच उलटणं दोनदा होतं: घुमतं आणि फाटतं. मागे ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू आली तर अर्थची बारीक वायर स्क्रूला लागली आहे का ते पाहा. बहुतेक वेळा लागलेली नसते.

आवाज आत घेताना लेव्हल उणे ६ डीबीच्या वर नको. वाढवता नंतर येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

मंगळवार

३३⅓ची तबकडी एका फेरीला १.८ सेकंद घेते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) का डुलतो, का खटकतो, याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

मधलं भोक केसभर जरी सरकलेलं असलं तरी सूर दर १.८ सेकंदांनी एकदा चढतो, एकदा उतरतो. गाणं वाजतं तेव्हा कान ते माफ करतो. लूप माफ करत नाही. मूळ गाणं ९० बीपीएमचं (मिनिटाला ९० ठोके) असेल तर चार ठोक्यांचं आवर्तन २.६७ सेकंदांचं, म्हणजे जवळपास दीड फेरी. सुरुवात चढ्या सुरात पडली तर शेवट उतरलेल्या सुरात, आणि समेवर येताना दर वेळी एक ठेच. तेच दोन आवर्तनं घेतली तर ५.३३ सेकंद, जवळजवळ बरोबर तीन फेऱ्या. शिवण दिसेनाशी होते. लूप 'का कोण जाणे' बरा वाटतो तेव्हा कारण अनेकदा एवढंच असतं.

ओळखायचं कसं? हेडशेलकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या टोकाकडे, समोरून बघा. ते डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. आतल्या गाण्यांत हा हेलकावा जास्त जाणवतो, म्हणून अशा रेकॉर्डवरचं बाहेरच्या कडेजवळचं गाणं घ्यावं.

ओरखड्याचा टिक्कही त्याच १.८ सेकंदांनी येतो. तो स्नेअर ड्रमच्या ठोक्याखाली गेला तर जाऊ द्या.

बुधवार

ई-म्यूचं एसपी-१२०० हे सॅम्पलर यंत्र (आवाजाचा तुकडा साठवून पॅडवर, म्हणजे बटणावर, वाजवणारं) १९८७चं. एकूण सॅम्पलिंग १० सेकंद, एका पॅडला फार तर २.५. म्हणजे ९६ बीपीएमचं एक आवर्तन काठोकाठ बसणार, ९०चं बसणार नाही. न्यूयॉर्कच्या बीटवाल्यांनी तोड काढली: ३३ची रेकॉर्ड ४५वर वाजवून घ्यायची. २.६७ सेकंदांचे १.९८ होतात. मग यंत्रातच सूर खाली आणायचा. यंत्र १२ बिटचं, २६.०४ किलोहर्ट्झचं; खाली ओढताना जी खरखर येते तिच्यावर पुढे लोक जीव टाकायला लागले. काटकसर होती ती, शैली नंतर झाली.

आज हे कुठल्याही सॅम्पलरवर करता येतं. ४५वर घ्या आणि पाच अर्धे स्वर अधिक २० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली आणा. टाइम-स्ट्रेच आधी बंद करा, नाहीतर सूर उतरतो आणि लय तिथेच राहते. एक हिशेब तोंडपाठ असावा: एक अर्धा स्वर म्हणजे लयीत जवळपास ६ टक्के. ८५चा लूप अर्धा स्वर चढवला की ९० मिळतात.

शुक्रवार

पॅडवर लावायला लूपचे तुकडे पाडताना कट ठोक्याच्या अगदी तोंडाशी. २० मिलिसेकंद आधी कापलं तर पॅड उशिरा बोलतो आणि दोष बोटांना जातो. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूच चढवणं-उतरवणं), म्हणजे टिचकी येत नाही. सगळे तुकडे एकाच म्यूट ग्रुपमध्ये, म्हणजे नवा वाजला की जुना गप्प. हे विसरलं की शेपट्या एकमेकींवर चढतात आणि सगळ्याचा काला होतो.

रॉजर लिनने अकाईसाठी बनवलेल्या १९८८च्या एमपीसी-६० या सॅम्पलरमध्ये स्विंग (दर दुसरा ठोका किंचित मागे ओढणं) ५० टक्क्यांपासून सुरू होतो. ५० म्हणजे सरळ, ६६ म्हणजे तिश्र. ९० बीपीएमला ५८ ठेवला तर दर दुसरा सोळावा भाग २७ मिलिसेकंद मागे पडतो. तबल्यावर ज्याला झोल म्हणतात तो हाच. पण मूळ ड्रमरने झोल आधीच दिलेला असतो. त्याच्यावर ५० टक्क्यांची हायहॅट (ड्रमची जोडझांज) चढवली की दोन माणसं वेगवेगळ्या खोलीत वाजवताहेत असं वाटतं. आकडा लूपकडून घ्यायचा, मेन्यूतून नाही.

रविवार

परवानगीचं थोडक्यात: रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, चाल आणि शब्दांचा वेगळा. १९९१च्या 'ग्रँड अपराइट' खटल्यानंतर अमेरिकेत विचारल्याशिवाय सॅम्पल घेणं महागात पडू लागलं. भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, चाल-शब्दांचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६०. त्यामुळे जुनी नाट्यगीताची तबकडी दिसली म्हणून ती मोकळी असेलच असं नाही. शिवाय ७८च्या तबकडीला सुई जाड लागते; एलपीची सुई तिथे तळाची घाण तेवढी वाचते.

आता बेस. सॅम्पलमधला खर्ज १५० हर्ट्झखाली कापायचा, मग आपला घालायचा. दोन्ही ठेवले तर किक (बास ड्रमचा ठोका) बुडते. आणि वेग बदललेली रेकॉर्ड कधीच काळी एक किंवा पांढरी चारवर नीट बसत नाही, मधेच कुठेतरी लटकते. ट्यूनर तिथे गोंधळतो, कारण सॅम्पलमध्ये एकाच वेळी चार वाद्यं असतात. बेसचा एकच लांब सूर धरून ठेवायचा, सॅम्पल वाजू द्यायचं आणि सेंट पाच-पाचने सरकवत राहायचं, दोन सुरांमधली थरथर हळू होत होत थांबेपर्यंत.