झाकलेले ताट

रात्रपाळीचा ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीतल्या सिस्टरकडून रुग्णांची माहिती, घेताना सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांबद्दल मला जे सांगण्यात आले, ते फॉर्मवरच्या चारही रकान्यांत चोख बसत होते: मधुमेह, पायाच्या जखमेच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस, जेवणाआधी साखर १५८, साडेसात वाजता रेग्युलर इन्सुलिन १० युनिट, प्रकृती स्थिर. परिस्थिती, पूर्वेतिहास, मूल्यमापन आणि शिफारस या क्रमाने बोलण्याची ही 'एसबार' पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. आमच्याकडे मात्र तिचा बराचसा उपयोग रकाने भरण्यापुरताच होत असे, आणि त्यात 'स्थिर' हा शब्द सर्वांत सोयीचा.

'आय-पास' नावाच्या दुसऱ्या पद्धतीत शेवटचा टप्पा ऐकणाऱ्याचा असतो. ऐकलेले त्याने स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायचे. नऊ रुग्णालयांत ही पद्धत वापरल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. प्रशिक्षणानंतर आम्ही तो टप्पा आमच्या ओव्हरला जोडला होता, पण घरी निघालेल्या सहकारी सिस्टरला थांबवून तिचेच बोलणे तिला ऐकवणे मला नेहमी अवघड वाटे.

त्या रात्री मी म्हणून दाखवले: "साडेसातला इन्सुलिन, आठला जेवण, पुढची साखर रात्री अकराला." तिने मान डोलावली, पर्स खांद्याला लावली आणि तशीच थांबली. "जेवण... त्यांना मळमळत होतं. नंतर जेवतो म्हणाले होते."

आम्ही दोघीही खाटेपाशी गेलो. स्टूलवर ताट झाकण ठेवलेलेच होते. आजोबा डोळे मिटून पडले होते. त्यांच्या कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते आणि हाक मारल्यावर त्यांनी उत्तर दिले तेही दोन मुलांची नावे उलटसुलट करून. ग्लुकोमीटरवर साखरेचा आकडा आला ५८, म्हणजे फारच कमी. रेग्युलर इन्सुलिनचा सर्वाधिक परिणाम दोन ते चार तासांनी दिसतो, म्हणजे खरी उतरण अजून पुढेच होती.

डॉक्टरांना फोन करताना तेच चार रकाने माझ्या कामी आले. अर्ध्या मिनिटात सगळे सांगून झाले आणि मागायचे ते मागूनही झाले. त्यांनी २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे द्रावण, १०० मिलि शिरेतून द्यायला सांगितले, ते मी परत म्हटले आणि मगच बाटली लावली. पंधरा मिनिटांनी साखर १३१ झाली. आजोबांनी ताटाकडे पाहून ते कोणाचे, असे विचारले. त्यानंतर सकाळपर्यंत मी दर तासाला त्यांची साखर तपासली.

सहकारी सिस्टर तासभर उशिरा घरी गेली. जाण्यापूर्वी तिने फॉर्मवरच्या इन्सुलिनच्या ओळीशेजारी, समासात, पेनाने लिहिले: 'जेवले का?'