सुपाची पुढची कड

सप्टेंबर संपत आला की दिवाळी अंकवाल्यांचा एखादा घायकुतीचा फोन येतोच. ह्या वेळी ठरलेले चित्रकार आजारी पडले होते. एका कथेची पाच रंगीत चित्रं बाकी आणि चार दिवसांत अंक छपाईला जाणार. मी मुळात मांडणी करणारा. रेखाटनं जमतात, पण एवढ्या वेळात पाच रंगीत चित्रं माझ्या हातून व्हायची नाहीत. म्हणून संपादकांना सरळ विचारलं, "रेखाटन मी करतो, रंग एआयकडून भरून घेतो. चालेल?" ते म्हणाले, "चालेल, पण चित्राखाली तसं लिहायचं."

कथेतली आजी ओसरीवर बसून तांदूळ पाखडते आणि नात समोर बसून गोष्ट ऐकते. माझ्याकडे आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर कम्फीयूआय ह्या सॉफ्टवेअरमध्ये एसडीएक्सएल हे चित्रं बनवणारं एआय मॉडेल चालतं. पहिली सकाळ नुसती वर्णनं टाइप करण्यात गेली. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या ह्या वर्णनात, बाकी सगळं इंग्रजी, पण सुपाला शब्द पटकन सुचेना म्हणून रोमन लिपीत 'सूप'च लिहिलं. आजीच्या मांडीवर वाफाळत्या टोमॅटो सूपचा वाडगा आला. मग 'पाखडायची टोपली' असं इंग्रजीत लिहिलं, तर गोल परडी आली. नऊवारीला कासोटा नाहीच, खाली घेरदार घागरा. दुपारपर्यंत साठेक चित्रं झाली आणि त्यातलं एकही छापण्याजोगं नव्हतं.

आई मागून बघत होती. म्हणाली, "अरे, ह्याला पुढची कड उघडी नको का? कोंडा जाणार कुठून?"

ती उठली, माळ्यावरचं सूप काढायला लावलं आणि मूठभर तांदूळ घेऊन फरशीवर बसली. सूप मागच्या दोन कोपऱ्यांना धरायचं. तीन बाजूंना काठ, पुढची बाजू सपाट. मनगटाला हलका झटका दिला की दाणे वर उडून परत मागे पडतात आणि हलकी फोलपटं पुढून निघून जातात. मोबाइलवर वीसेक फोटो काढले. त्यावरून पेन्सिलीनं आजी काढली, कासोट्याच्या चुण्यांसकट, आणि ते रेखाटन कंट्रोलनेटला दिलं, म्हणजे मॉडेलला दिलेल्या रेघा पाळायला लावणाऱ्या जोडणीला. आता रेघा माझ्या आणि रंग-उजेड यंत्राचा. दहा मिनिटांत सूप सुपासारखं दिसायला लागलं. सकाळीच हे का सुचलं नाही ह्याचा राग आला, पण टाइप करणं चित्र काढण्यापेक्षा सोपं वाटतं, हे खरं कारण.

पाचही चित्रांत आजी तीच दिसायला हवी. सीडचा आकडा, म्हणजे यंत्र ज्या विस्कळीत ठिपक्यांपासून चित्र सुरू करतं ते ठरवणारा आकडा, कायम ठेवला की चेहरा कायम राहतो, हा माझा गैरसमज होता. रेखाटन बदललं की चेहराही बदलतो. शेवटी पहिल्या चित्रातला चेहरा कापून बाकी चित्रांवर चिकटवला आणि तेवढाच भाग निवडून पुन्हा रंगवून घेतला. त्यात डीनॉइझ, म्हणजे खालचं चित्र किती बदलायचं ते सांगणारा ० ते १ मधला आकडा, ०.४ च्या आसपास ठेवावं लागतं. आकडा १ च्या जवळ नेला की यंत्र खालचं चित्र विसरतं आणि भलत्याच बाई येऊन बसतात.

मग आकार. मूळ चित्र १०२४ पिक्सेलचं, म्हणजे छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम साडेतीन इंच. पान सात इंच रुंद. मोठं करताना सॉफ्टवेअर चित्राचे तुकडे करून एकेक रंगवतं आणि प्रॉम्प्ट प्रत्येक तुकड्याला तोच लागू होतो. प्रॉम्प्टमध्ये 'म्हातारी बाई' होतं, त्यामुळे तांदळाच्या ढिगात बारीक बारीक म्हाताऱ्या उगवल्या! ह्या टप्प्यावर प्रॉम्प्टमधून माणसं काढून टाकायची, हे तेव्हा कळलं. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, नेल्यावर झेंडू मळके झाले, ते नेहमीचंच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपादकांचा फोन. एक जाहिरात आली होती, त्यामुळे मुख्य चित्र डावीकडच्या पानावरून उजवीकडे गेलं. आजीनं मजकुराकडे बघायला हवं. मी चित्र आडवं फिरवलं, म्हणजे आरशात दिसतं तसं, आणि पाठवायला निघालो. तेवढ्यात आईनं चष्मा चढवला.

"पदर उजव्या खांद्यावर कसा रे हिचा? आणि नथही उजवीकडे."

खरंच की. डाव्याचं उजवं झालं होतं. म्हटलं, नथ उचलून डावीकडे नेतो.

"ती नेऊच नकोस. नथ घालून कोण पाखडतं? लग्नाला आलीये का ती?"

रेखाटनात मी नथ काढलीच नव्हती. मॉडेलनं आपणहून घातली होती. नेटवरचे नऊवारीचे फोटो बहुतेक लग्नातले, नाहीतर पाडव्याच्या शोभायात्रेतले. त्याला वाटलं असेल, नऊवारी आली की नथ आलीच. पाचही चित्रांत ती होती आणि तीन दिवसांत मला एकदाही खटकली नव्हती. नथीच्या जागी आईनं सांगितली तशी बारीक चमकी आली. पदरासाठी मात्र खांद्यापासून कमरेपर्यंत रेखाटन नव्यानं करावं लागलं. रात्री दीड वाजता फाइल गेली.

सकाळी संपादकांचा निरोप होता: जाहिरात रद्द, चित्र परत डावीकडच्या पानावर. जुनी फाइल उघडली आणि आधी नथ पुसायला घेतली.